क्रमांक १७१ : ड्राफ्टमधलं सर्वात मोठं घबाड

९ जून १९८४ रोजी मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट झाला; यात संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. पहिलं नाव मारिओ लेम्यूचं असणार, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. बाराही फेऱ्या एकाच दिवसात उरकायच्या होत्या. नवव्या फेरीत, १७१ व्या क्रमांकावर, लॉस एंजेलिस किंग्जने लुक रोबिताय नावाच्या डाव्या विंगरचं, म्हणजे डाव्या बाजूच्या आक्रमकाचं नाव पुकारलं. चौदा वर्षांनी, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, डेट्रॉइट रेड विंग्जने सहाव्या फेरीत पावेल दात्स्युकला घेतलं. क्रमांक तोच, १७१. दोघेही आज हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांमधून हाती लागलेलं सर्वात मोठं घबाड कोणतं, हा आइस हॉकीतला न संपणारा वाद. बहुतेक जण पहिल्या दमात गोलकीपर डॉमिनिक हाशेकचं नाव घेतात. डेट्रॉइटचे चाहते दात्स्युक आणि हेन्रिक झेटरबर्ग ही जोडी पुढे करतात, न्यूयॉर्कचे चाहते हेन्रिक लुंडक्विस्ट. माझं मत रोबितायला आहे. खेळाडू म्हणून या यादीत तो सर्वांत मोठा नाही, हे मान्य करूनच मी हे म्हणतो. घबाडाची मोजदाद खेळाडूच्या मोठेपणावरून करायची, ही सवयच मुळात चुकीची आहे.

आयपीएलच्या लिलावात बोली लागते. एखादा संघ म्हणू शकतो की खेळाडू आम्हालाही हवा होता, पण पैसे पुरले नाहीत. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात तळाला राहिलेले संघ आधी, वरचे नंतर, आणि पाळी आली की उरलेल्यांतला कोणीही उचलायची मुभा. त्यामुळे एखादा खेळाडू १७१ व्या क्रमांकापर्यंत उरला, याचा अर्थ १७० वेळा कोणीतरी त्याच्यापेक्षा दुसऱ्याला बरं ठरवलं. इथे पैशाची सबब चालत नाही. म्हणून प्रत्येक उशिराच्या निवडीला एकच प्रश्न विचारायला हवा : तो इतका वेळ उरला कशामुळे?

उशिराची म्हणजे कितव्या क्रमांकाची, हे आधी ठरवावं लागेल, कारण फेऱ्यांची संख्या बदलत गेली आहे. ऐंशीच्या दशकात बारा फेऱ्या होत्या, मग अकरा, १९९५ पासून नऊ आणि २००५ पासून सात. संघही २१ वरून ३२ झाले. म्हणून फेरीपेक्षा क्रमांक बघावा. आजच्या ३२ संघांच्या हिशेबात पहिल्या चार फेऱ्यांत १२८ निवडी होतात, तेव्हा १२९ पासून पुढे ते उशिराचे, अशी रेषा मी ओढतो. २००७ मध्ये डॅलसने घेतलेला जेमी बेन बरोबर १२९ वा होता आणि २०१५ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) आर्ट रॉस करंडक जिंकला. १९८४ च्याच ड्राफ्टमध्ये कॅलगरीने ११७ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रेट हल मात्र या रेषेबाहेर राहतो. त्याचा उल्लेख पुढे येईल.

आता हाशेक. १९८३ मध्ये शिकागोने त्याला दहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर घेतलं. तो पार्दुबित्सेचा, चेकोस्लोव्हाकियाचा. निवड झाल्याचं त्याला स्वतःलाही कित्येक महिने कळलं नव्हतं. पण त्याची गुणवत्ता कोणापासून लपलेली नव्हती. अडथळा होता तो पोलादी पडद्याचा. हा माणूस अमेरिकेत येऊ शकेल की नाही, हेच ठाऊक नसल्यामुळे कोणीही त्याच्यावर वरची निवड खर्च करायला तयार नव्हतं. त्याच १९८३ च्या ड्राफ्टमध्ये सोव्हिएत संघाचा सर्गेई माकारोव कॅलगरीने २३१ व्या क्रमांकावर घेतला, व्लादिमीर क्रुतोव व्हॅंकूव्हरने २३८ व्या, व्याचेस्लाव फेतिसोव न्यू जर्सीने १४५ व्या. १९८५ मध्ये इगोर लारियोनोव २१४ वा. ही नावं त्या काळच्या जगातल्या सर्वोत्तम हॉकीपटूंची होती आणि प्रत्येक स्काउटला, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याला, ती पाठ होती. अशी निवड म्हणजे व्हिसाची सोडत. लागली तर लागली. १९८९-९० मध्ये सोव्हिएत दार उघडलं आणि माकारोवने ३१ व्या वर्षी नवोदितांचा काल्डर करंडक नेला. त्यानंतर त्या करंडकासाठी वयाची मर्यादाच घालावी लागली.

या प्रकारात खरं धाडस केलं ते डेट्रॉइटने, १९८९ मध्ये. सर्गेई फेदोरोवसाठी त्यांनी थेट चौथी फेरी, ७४ वा क्रमांक खर्च केला. बाकीचे अशा खेळाडूंसाठी शेवटची, टाकाऊ समजली जाणारी निवड वापरत होते. त्याच ड्राफ्टमध्ये निकलास लिडस्ट्रॉम ५३ वा आणि व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव २२१ वा. एकाच दिवशी एका संघाने केलेली याहून मोठी कमाई मला माहीत नाही. पण त्यातल्या कॉन्स्टँटिनोवच्या क्रमांकावरून त्याच्या खेळाची पारख ठरत नाही. तो क्रमांक मॉस्को आणि डेट्रॉइटमधल्या अंतराचा होता.

हाशेकच्या बाबतीत दुसरीही अडचण आहे. शिकागोला त्याच्याकडून काय मिळालं? २५ सामने. तिथे एड बेलफोर पहिल्या क्रमांकाचा गोलकीपर होता, आणि बेलफोर तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेलाच नव्हता. १९९२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोने हाशेकला बफेलोकडे दिलं. बदल्यात स्टेफान बोरेगार नावाचा गोलकीपर आणि पुढच्या ड्राफ्टमधली एक निवड मिळाली. मग बफेलोत हाशेकने सर्वोत्तम गोलकीपरचे सहा व्हेझिना करंडक जिंकले, दोन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक जिंकला, आणि दोन हार्ट मिळवणारा गोलकीपर आजवर तो एकटाच आहे. ज्याच्या शेतात सापडलं त्यालाच जर ते उपभोगता आलं नाही, तर त्याला घबाड का म्हणायचं? टिम थॉमसचंही हेच. १९९४ मध्ये क्यूबेकने त्याला २१७ व्या क्रमांकावर घेतलं, तो फिनलंडमध्ये आणि खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळत राहिला, आणि २०११ मध्ये त्याने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून दिलं ते बॉस्टनला.

ब्रेट हलचा उल्लेख इथेच व्हायला हवा. १९८३-८४ मध्ये तो ब्रिटिश कोलंबियाच्या पेंटिक्टनमध्ये, ज्युनियरच्या दुसऱ्या पातळीवर खेळत होता आणि ५६ सामन्यांत त्याने १०५ गोल केले होते. तरी तो ११७ वा. कॅलगरीने १९८८ च्या मार्चमध्ये त्याला सेंट लुइसकडे धाडलं, बदल्यात रॉब रॅमेज आणि रिक वॉम्सली घेतले, आणि १९८९ चा कपही जिंकला. कॅलगरीचा सौदा त्या वर्षापुरता चुकला असं म्हणता येत नाही. पण हलच्या ७४१ गोलांतले फार थोडे कॅलगरीच्या खात्यावर जमा झाले. माझा दुसरा निकष त्यातूनच येतो : पीक कोणाच्या घरी गेलं?

गोलकीपरांसाठी तर वेगळाच तराजू लागतो. २०१८ ते २०२५ या आठ हंगामांचे व्हेझिना करंडक बघा. २०१८ चा पेका रिन्ने २५८ व्या क्रमांकावर निवडला गेला होता; आजच्या सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये तो क्रमांकच उरलेला नाही. २०२०, २०२४ आणि २०२५ चा विजेता कॉनर हेलेबक १३० वा, २०२३ चा लिनस उलमार्क १६३ वा. २०२२ चा इगोर शेस्टर्किन ११८ वा, म्हणजे माझ्या रेषेच्या जरासा अलीकडे. पहिल्या फेरीतले फक्त दोन : २०१९ चा वासिलेव्हस्की आणि २०२१ चा फ्लरी. आठांपैकी सहा करंडक जर खालच्या फेऱ्यांतून येत असतील, तर खालच्या फेरीत मोठा गोलकीपर सापडणं हा अपवाद राहत नाही, तोच रिवाज ठरतो.

याची कारणंही साधी आहेत. संघात वीस जण गणवेश घालतात, त्यात गोलकीपर दोन आणि खेळतो एक. राखीव मुलगा स्काउटला दिसतच नाही. शिवाय अठराव्या वर्षी गोलकीपरची उंची, प्रतिक्रियेचा वेग, गुडघ्यांवरून सरकण्याचं तंत्र, यातलं काहीच पक्कं झालेलं नसतं. तो तयार व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. हेलेबक निवडला गेला तेव्हा टेक्ससमधल्या ओडेसात, नॉर्थ अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळत होता. तेलविहिरींच्या त्या गावी गोलकीपर बघायला कितीसे स्काउट जाणार?

लुंडक्विस्टचं उदाहरण यात सर्वांत बोलकं. २००० च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड गोलकीपरचीच होती, न्यूयॉर्क आयलंडर्सचा रिक डिपिएट्रो. नवव्या क्रमांकावर कॅलगरीने ब्रेंट क्रान हा गोलकीपर घेतला. तो एनएचएलमध्ये एकच सामना खेळला, तोही डॅलसकडून. लुंडक्विस्टचा जुळा भाऊ योएल सेंटरला, म्हणजे मधला आक्रमक म्हणून खेळायचा. त्याला डॅलसने ६८ व्या क्रमांकावर नेलं. म्हणजे या घरापर्यंत, या रिंकपर्यंत स्काउट पोचत होते. हेन्रिक मात्र २०५ व्या क्रमांकापर्यंत उरला. न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला घेतलं खरं, पण त्याच दिवशी त्याच्याआधी, १४३ व्या क्रमांकावर, त्यांनी दुसराच एक गोलकीपर घेतला होता, जो एनएचएलच्या बर्फावर कधी उतरलाच नाही. ४५९ विजय, १५ हंगाम, सगळे एकाच संघासाठी. पीक पूर्ण घरी आलं, यात वाद नाही. तरीही गोलकीपरांचा तराजू लावला तर लुंडक्विस्ट हा रिवाजातलाच सर्वांत सुंदर नमुना ठरतो, रिवाज मोडणारा नाही.

उरतात ते दोन १७१.

दात्स्युकची बाजू भक्कम आहे. जन्म जुलै १९७८ चा, येकातेरिनबुर्गचा. ड्राफ्टमध्ये यायला १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तो १९९६ मध्येच पात्र होता. त्या वर्षी कोणी घेतलं नाही, १९९७ मध्येही नाही. डेट्रॉइटचा युरोपमधला स्काउट हाकन अँडरसन रशियात गेला तो दिमित्री कालिनिन या बचावपटूला बघायला. कालिनिन १९९८ मध्ये बफेलोने पहिल्या फेरीत, १८ व्या क्रमांकावर उचलला. अँडरसनच्या वहीत मात्र समोरच्या बारीक चणीच्या सेंटरचं नाव राहिलं. पुढे दात्स्युकने ९५३ सामन्यांत ९१८ गुण केले, बचावात सर्वोत्तम फॉरवर्डला मिळणारा सेल्की करंडक सलग तीन वर्षं जिंकला आणि दोन स्टॅनली कप मिळवले, सगळं डेट्रॉइटसाठीच. बचावपटूच्या काठीखालून पक (खेळातली रबरी चकती) अलगद काढून घेण्याची त्याची हातोटी बघितली की वाटतं, बर्फावर त्याला दोन डोळे जास्त असावेत. गुणांची तुलना करतानाही काळ लक्षात घ्यावा लागतो. १९८६-८७ मध्ये एक संघ एका सामन्यात सरासरी साडेतीनहून जास्त गोल करत होता, २००३-०४ मध्ये अडीचच्या थोडंसंच वर. म्हणून रोबितायचे १,३९४ गुण आणि दात्स्युकचे ९१८ एकाच पट्टीने मोजता येत नाहीत. दोघांत पूर्ण खेळाडू कोण, तर दात्स्युक. माझ्या मनात त्याबद्दल किंतु नाही.

पण तो उरला कशामुळे? तो बहुतेकांना दिसलाच नव्हता. नव्वदच्या दशकातलं रशियन हॉकी मोडकळीला आलं होतं, उरल पर्वताकडच्या त्या गावापर्यंत हिवाळ्यात जाणारे स्काउट बोटांवर मोजण्याइतके. ज्याने बघितलं त्याने ओळखलं, ज्यांनी बघितलं नाही त्यांना दोष किती द्यायचा?

रोबिताय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तो क्यूबेकच्या ज्युनियर लीगमध्ये हल ऑलिंपिक्ससाठी खेळत होता. हे हल गावाचं नाव, ब्रेट हलशी संबंध नाही; गाव नदीच्या एका तीरावर, समोर दुसऱ्या तीरावर कॅनडाची राजधानी ओटावा. आणि हंगाम कुठला, तर १९८३-८४, ज्या हिवाळ्यात हॉकीतला प्रत्येक स्काउट याच लीगच्या रिंकमध्ये बसला होता. कारण लाव्हालसाठी खेळणारा लेम्यू ७० सामन्यांत १३३ गोल आणि २८२ गुण करत होता. २१ संघांनी आपली माणसं या लीगमध्ये पाठवली, वह्या भरल्या, आणि त्याच लीगमधला, पुढे डाव्या विंगरांमध्ये गोलांचा विक्रम करणारा मुलगा १७० निवडी संपेपर्यंत फलकावर उरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

स्काउटांची बाजूही मांडायला हवी. रोबितायने त्या हंगामात ८५ गुण केले होते. जिथे धो धो गोल व्हायचे अशा लीगमध्ये हा आकडा डोळ्यांत भरण्याजोगा नव्हता. आणि त्याचं स्केटिंग खरोखरच मंद होतं. स्काउट पहिल्यांदा काय बघतो, तर थांबलेल्या अवस्थेतून घेतलेली पहिली तीन पावलं. पाय पुरेसे वाकतात का, ढकल पूर्ण लागते का, वळताना वेग पडतो का. या तिन्ही गोष्टी लांबून, गॅलरीतून दिसतात, म्हणून त्या वहीत आधी उतरतात. रोबितायचं भांडवल दुसरीकडे होतं. गोलसमोरच्या दहा-पंधरा फुटांत, जिथे पळायला जागाच नसते, तिथे तो एक पाऊल आधी पोचलेला असायचा, कारण पक कुठे येणार हे त्याला कळायचं. आला की थांबवणं, नीट करणं, नेम धरणं, यातलं काही नाही. काठीला लागला की निघाला. हे गॅलरीतून दिसत नाही. दिसतो तो फक्त गोल, आणि वहीत लिहिलं जातं, ‘योग्य जागी सापडला’. एकाच हंगामात हे पन्नास वेळा झालं तर त्याला नशीब म्हणता येत नाही, पण स्काउट एका मुलाला पन्नास वेळा बघत नाही, पाच-सहा वेळा बघतो.

किंग्जना तरी कळलं होतं का? पूर्णपणे नाही. त्यांनीही त्या दिवशी त्याच्याआधी आठ नावं पुकारली. चौथ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर घेतलेला टॉम ग्लाव्हिन हॉकी सोडून बेसबॉलकडे गेला, ३०५ सामने जिंकून तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला, पण किंग्जच्या कामी आला नाही. डेट्रॉइटनेही १९९८ मध्ये दात्स्युकच्या आधी सात जण घेतले, त्यातला २५ व्या क्रमांकाचा यिरी फिशर सोडला तर कोणी टिकलं नाही. १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर झेटरबर्ग घेण्याआधी त्यांची त्या दिवसाची पहिलीच निवड, १२० व्या क्रमांकावरची, यारी तोल्सा होता आणि तो एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. आम्हाला माहीतच होतं, असं कुठलाही संघ म्हणत असेल, तर त्याने आपलीच त्या दिवशीची यादी उघडावी.

मग श्रेय कशाचं? शेवटच्या फेऱ्यांत टेबलावर काय घडतं ते बघा. पहिल्या तीन फेऱ्यांची यादी सगळ्यांनी मिळून महिनाभर घासलेली असते. त्यानंतर मोठ्या साहेबांनी बघितलेली नावं संपत जातात आणि प्रांताप्रांतातल्या स्काउटांना विचारलं जातं : तुझा कोणी उरलाय का? ओटावा भागातल्या किंग्जच्या स्काउटाने, अ‍ॅलेक्स स्मार्टने, रोबितायसाठी शब्द टाकला होता. डेट्रॉइटकडे अँडरसन होता. असा माणूस पगारावर ठेवणं आणि नवव्या फेरीतही त्याचं ऐकून घेणं, एवढंच संघाच्या हातात असतं. ते ज्यांनी केलं त्यांना त्याचं श्रेय द्यावं.

निवडीनंतरची दोन-तीन वर्षंही संघाच्या हातात असतात आणि तिथे घाई केली की माणूस वाया जातो. रोबिताय आणखी दोन हंगाम हलमध्येच खेळला. पॅट बर्न्स प्रशिक्षक होते. १९८५-८६ मध्ये त्याने १९१ गुण केले, संघ लीगचा विजेता झाला, आणि तो कॅनडाभरातल्या ज्युनियरांमध्ये सर्वोत्तम ठरला. मग पहिल्याच एनएचएल हंगामात ४५ गोल, ८४ गुण आणि काल्डर करंडक. दुसऱ्या हंगामात ५३ गोल. हॉकीतला सर्वांत थोर मानला जाणारा वेन ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला आला तो १९८८ च्या उन्हाळ्यात, या दोन हंगामांनंतर. ग्रेट्झ्कीच्या पासवर मोठा झाला असं म्हणणाऱ्यांनी हे वर्षांचं गणित एकदा मांडून बघावं. सलग आठ हंगाम ४० किंवा त्याहून जास्त गोल, १९९२-९३ मध्ये ६३, जो डाव्या विंगरचा एका हंगामातला विक्रम पंधरा वर्षं, ओव्हेच्किन येईपर्यंत टिकला. एकूण ६६८ गोल, त्यातले ५५७ किंग्जसाठी. त्या संघाच्या इतिहासात इतके गोल दुसऱ्या कोणाचेच नाहीत. मधे पिट्सबर्ग, रेंजर्स, डेट्रॉइट झालं, कपही त्याला २००२ मध्ये डेट्रॉइटकडूनच मिळाला, हे त्याच्या बाजूतलं उणं. पण पिकाचा मोठा वाटा पेरणाऱ्याच्याच कोठारात गेला.

या वादाचा आजच्या ड्राफ्टशी संबंध आहे तो वयामुळे. ब्रेट हल निवडला गेला तेव्हा १९ वर्षांचा होता, दात्स्युक १९ चा, हेलेबक १९ चा. आदल्या वर्षी त्यांना सर्वांनी सोडलं होतं. सहाव्या-सातव्या फेरीत एखाद्या अनोळखी अठरा वर्षांच्या मुलावर फासा टाकण्यापेक्षा, मागच्या वर्षी उरलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्यांची यादी पुन्हा काढावी. एक हंगाम जास्त खेळलेला असतो, उंची थांबलेली असते, आणि पहिली तीन पावलं सुधारली की नाही ते आता समोर दिसत असतं. विशेषतः ज्या लीगमध्ये आदल्या वर्षी एखादा लेम्यू होता, त्या लीगच्या वह्या पुन्हा उघडाव्यात. सगळ्यांच्या नजरा एकाकडे लागलेल्या असताना शेजारचा कोण होता, हे त्यांत लिहिलेलं सापडेल. आणि लिहिलेलं नसेल, तर त्या रिंकमध्ये पुन्हा माणूस धाडावा.